साबणवाली बर्नी

सेटवर पाऊल ठेवल्यापासून पाच मिनिटांत बर्नी स्कालिसीने तीन माणसांचा पाणउतारा केला. खिडक्यांचे फुलाफुलांचे पडदे बघून म्हणाली, "पडदे कशाला? पाहुणे येणार होते का चहाला? पुठ्ठे ठोकलेले असायचे तिथे." मग गादीवरची पांढरीशुभ्र चादर चिमटीत धरून, "ही कुणाच्या लग्नातली?" आणि शेवटी टेबलावरचं साबणाच्या चुऱ्याचं खोकं उचलून तिने हातात तोललं.

"ह्यात वीट नाहीये."

सामानाची जबाबदारी असलेला पोरगेला माणूस गोंधळला. "वीट?"

"खोकं रिकामं असायचं रे. दार उघडलं की वाऱ्याने उडायचं, म्हणून आत अर्धी वीट घालायचो. दोन वर्षं मांडीवर घेऊन बसलेय मी, मला शिकवू नकोस."

त्याने बिचाऱ्याने काहीच शिकवलं नव्हतं. पण बर्नीचा स्वभावच तसा. न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं हजार पोरांना जेवू घालून ती निवृत्त झाली होती. समोरच्या कुणाशीही, तो ताट घेऊन रांगेत उभा असल्यासारखं बोलायची सवय सदुसष्टाव्या वर्षी जाणार कुठे?

मालिका होती ब्लू फिल्मच्या धंद्याची. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हा धंदा तळघरांतून उठून मोठमोठ्या थिएटरांपर्यंत कसा गेला, त्याची गोष्ट. पहिला सीझन लोकांना आवडला होता, आता दुसऱ्याचं चित्रीकरण चाललं होतं. मालिकेची लेखिका आणि सर्वेसर्वा डेबोरा लिंड त्या काळातली माणसं हुडकत फिरली. बरीचशी मेली होती, उरलेल्यांनी दार लावून घेतलं. बर्नीने दार उघडलं, झीटी पास्त्याचं ताट पुढे केलं आणि संध्याकाळपर्यंत तोंड मिटलं नाही. डेबोराने तिला सल्लागार म्हणून घेतलं. अट एकच, चित्रीकरण चालू असताना गप्प बसायचं.

तर ही साबणाची भानगड अशी. त्या काळी असली फिल्म काढताना पोलीस केव्हा वर येतील याचा नेम नसे. म्हणून चौदाव्या रस्त्यावर, टोप्यांच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर, लू डँड्रिज नावाच्या फिल्मवाल्याने एक युक्ती काढली होती. खोलीच्या एका कोपऱ्यात खोटं स्वयंपाकघर मांडलेलं. त्यात झालरीचा अॅप्रन घातलेली एक बाई, मांडीवर साबणाचं खोकं. जिन्यावर पाय वाजले की तिने ओरडायचं, "जिन्यावर कोणीतरी आहे!" की दिवे फिरले, कॅमेरा फिरला, गादीवरची मंडळी झग्यात गुंडाळली गेली, आणि बाई हसून सांगायला लागली की माझ्या नवऱ्याचे सदरे असे पांढरे कसे. पोलीस यायचे, साबणाची जाहिरात बघायचे आणि जायचे. एकाने तर साबण कुठे मिळेल म्हणून विचारलंही होतं.

ती बाई म्हणजे बर्नी. तेव्हा तेवीस वर्षांची. अंगावरचा एकही कपडा न काढता ती त्या धंद्यात दोन वर्षं राहिली आणि तिने सगळं पाहिलं.

ही युक्ती लूची. पण बायकांनी तिच्यावर आपली एक युक्ती चढवली, ती मात्र डेबोराच्या संहितेत कुठेच नव्हती. ती बर्नीने पहिल्यांदा सांगितली इमानी व्हिटलोला, जेवणाच्या सुट्टीत.

इमानी चोवीस वर्षांची, या सीझनची नायिका. पडद्यावर वाघीण आणि पडद्यामागे सगळ्यांना "सॉरी" म्हणत फिरणारी. बर्नीला ती आवडायची, म्हणजे बर्नी तिला जरा जास्त रागवायची.

"एवढंच खातेस? चिमणी आहेस का? घे अजून." बर्नीने आपल्या सँडविचचा अर्धा तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला. "ऐक. एखादीला नको झालं, कुणी ठरल्यापेक्षा जास्त मागायला लागलं, तर ती बोलायची नाही. बोलली की दुसऱ्या दिवशी काम बंद. ती नुसती कानाची पाळी धरायची. अशी. मी ते बघायचे आणि बोंब ठोकायचे, जिन्यावर कोणीतरी आहे!"

इमानी हसून लोटपोट. "आणि जिन्यावर कोणीच नाही?"

"मांजरसुद्धा नाही. पण सगळं थांबायचं. पोरीला दहा मिनिटं मिळायची. कुणी रडून घ्यायची, कुणी कपडे करून मागच्या दाराने सटकायची. लूला वाटायचं, पोलीस खात्याचा आपल्यावर फारच जीव आहे."

"भारी होतात हो तुम्ही, बर्नी."

बर्नीने हातातलं सँडविच खाली ठेवलं.

"भारी कसली," बर्नी म्हणाली. "नोरीन म्हणून एक होती. केंटकीची. माझ्याच खोलीत राहायची, माझे मोजे वापरायची, परत करायची नाही. लांडगा आला रे आला किती दिवस चालणार? लूला संशय आला. माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, बर्नाडेट, ह्यापुढे तू ओरडलीस आणि जिन्यावर पोलीस नसला ना, तर तोच जिना उतरून तू कायमची जायचीस. आणि त्याच दिवशी नोरीनने कान धरला."

"मग?"

"मग काय. मी खोक्याकडे बघत बसले." बर्नीने कागदी कप चुरगळला. "तिने दोनदा धरला. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून धरला. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. संध्याकाळी ती खोली सोडून गेली. मोजे धुऊन, घडी करून माझ्या उशीवर ठेवले होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चव्वेचाळीस वर्षं झाली, ती जगात आहे की नाही मला माहीत नाही. बाकी सगळं मी स्वतःला माफ केलंय. हे नाही होत."

इमानीने पुढ्यातला तुकडा संपवला, आणि बर्नीला तेवढं पुरलं.

तीन दिवसांनी इमानीचा तो अवघड प्रसंग होता. सगळं आधी ठरलेलं आणि कागदावर उतरलेलं: कॅमेरा खांद्यापर्यंत, चादर छातीपर्यंत, तिच्याबरोबरच्या नटाचा हात तिच्या दंडापलीकडे जाणार नाही. दिग्दर्शक ग्रेडी वाईट माणूस नव्हता. वाईट माणसं बरी, लांबून ओळखू येतात. ग्रेडी हुशार होता, घाईत होता, आणि सातवा टेक झाला तरी त्याच्या मनासारखं होत नव्हतं. तो उठला, नटाच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि परत कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या छोट्या पडद्यासमोर येऊन बसला.

बर्नी त्याच्या मागेच, घडीच्या खुर्चीवर, हाताची घडी तोंडावर बोट.

आठवा टेक सुरू झाला. नटाने चादरीचं टोक धरलं आणि खाली ओढलं. पडद्यावर इमानीचा चेहरा एकदम कोरा झाला. ती नायिका उरली नाही, नुसती एक पोर उरली. तिने घाईघाईने चादर धरली, ओठ उघडले, पण आवाज आला नाही.

"मस्त," ग्रेडी स्वतःशीच म्हणाला. "हेच हवं होतं. चालू ठेवा."

इमानीचा दुसरा हात वर गेला आणि तिने कानाची पाळी धरली.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला आठवली ती डेबोराची अट. मग हे आठवलं की सकाळी गाडी न्यायला येते, लोक तिला विचारतात, ऐकतात, एकतीस वर्षं बटाटे सोललेल्या बाईला इथे मान आहे. मान गोड असतो. तिची नजर आपसूक खाली, मांडीकडे गेली. मांडीवर खोकं नव्हतं. नुसते तिचे दोन म्हातारे हात होते.

"जिन्यावर कोणीतरी आहे!"

हजार पोरांचं भोजनगृह गप्प करणारा आवाज होता तो. दिव्यावरचा माणूस शिडीवरून पडता पडता वाचला. आवाज टिपणाऱ्याने कानावरचं यंत्र उपटून फेकलं. सगळं थांबलं. एकजण खरोखरच जिना बघायला धावला. सेटवरचा जिना तो, पाच पायऱ्यांचा, पुढे प्लायवूडची भिंत.

"कोण आहे?" ग्रेडी ओरडला. "कोण आहे जिन्यावर?"

"कोणी नाही," बर्नी म्हणाली. ती उठून सरळ दिव्यांच्या उजेडात गेली, आपला लोकरी कोट काढून तिने इमानीच्या खांद्यांवर टाकला आणि मग वळली. "पोरीने कान धरला, दिसलं नाही तुला? एवढे चाळीस लोक, एवढे पडदे, कुणालाच दिसलं नाही?"

"मॅडम, तुम्ही माझा टेक मोडलात."

"मोडला. परत करशील तर परत मोडेन."

"ह्यांना बाहेर न्या," ग्रेडी म्हणाला. कुणी जागचं हललं नाही, पण कुणी बर्नीच्या बाजूनेही बोललं नाही. बर्नीने पर्स उचलली. तिला हाकलायची कुणाला गरज नव्हती, तिला दार माहीत होतं.

"त्या गेल्या तर मीही जाते." इमानी उभी राहिली होती. कोट तिला आखूड होत होता, आवाज थरथरत होता, पण आवाज होता. "चादर कुठपर्यंत ते ठरलं होतं, ग्रेडी. मी नाही म्हणणार होते. आलंच नाही तोंडातून. हातच तेवढा गेला."

तिच्या शेजारचा नट खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं, तिला विचारलंय."

"नाही विचारलं," ग्रेडी म्हणाला, आणि एवढं बोलून खाली बसला. त्याला लाज वाटली. माणसाला लाज वाटली की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं डेबोराने केलं. तिने तो टेक पुसायला लावला, ग्रेडीला आपल्या खोलीत नेलं, आणि तासाभराने दोघं बाहेर आले तेव्हा बोलत होती फक्त डेबोरा. ह्यापुढे अशा प्रसंगांच्या वेळी दाराजवळ एक खुर्ची राहील. तिच्यात बसणारी व्यक्ती फक्त नटनट्यांकडे बघेल, आणि तिने थांबा म्हटलं की थांबायचं. ह्या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेली एक बाई पुढच्या आठवड्यात येणार होती.

"तोवर तुम्ही बसाल?" डेबोराने विचारलं.

"खुर्ची पाठ असलेली द्या," बर्नी म्हणाली. "कंबर दुखते."

ती शिकलेली बाई आली, तिची खुर्ची तिला मिळाली, आणि बर्नीची शेजारी तशीच राहिली. सेटवर एक प्रथा पडली. कुणी पाडली ते सांगता येत नाही. अशा प्रसंगाआधी कुणीतरी विचारायचं, "जिना मोकळा आहे?" आणि गादीवरच्यांनी "मोकळा" म्हटल्याशिवाय कॅमेरा सुरू व्हायचा नाही.

मग एके सकाळी डेबोरा कॉफीचे दोन कप घेऊन बर्नीच्या शेजारी येऊन बसली. इमानीने तिला नोरीनबद्दल सांगितलं होतं, बर्नीला विचारून.

"सातव्या भागात घ्यायचंय मला ते," डेबोरा म्हणाली. "इमानी कान धरते, आणि कोपऱ्यातली साबणवाली ओरडते. लोक टाळ्या वाजवतील."

"ती ओरडली नव्हती."

"माहीत आहे. पण आपण लिहू ना तसं. चव्वेचाळीस वर्षांनी का होईना, ओरडू दे तिला."

बर्नीने कॉफीचा घोट घेतला. मोह झाला, नाही असं नाही. घराघरांत दिसलं असतं की ती ओरडली. कदाचित नोरीनलाही, कुठे असेल तर.

"नको," ती म्हणाली. "नोरीन बघत असली तर? ती म्हणेल, बघा, अजून खोटं बोलतेय. जे झालं ते लिही. ती खोक्याकडे बघत बसली, असं लिही. ओरडायचं ते मी ओरडले इथे, खऱ्या पोरीसाठी. ते पडद्यावर नसलं तरी चालेल."

तो प्रसंग एका गुरुवारी दुपारी घेतला. खिडक्यांना पुठ्ठे होते. चादर मळकी होती. कोपऱ्यात अॅप्रन घालून बसलेल्या नवख्या नटीला बर्नीने स्वतः खोकं दिलं. ते हातात घेताच ती दचकली. "किती जड आहे हो!"

"आहेच," बर्नी म्हणाली. "मान आपोआप खाली जाते. तुला अभिनय करावा लागणार नाही."

ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली. सगळे आपापल्या जागी गेले, दिवे लागले, बोलणं थांबलं. ग्रेडीने पडद्यावरून नजर उचलली.

"जिना मोकळा आहे?" त्याने विचारलं.

नट म्हणाला, "मोकळा." इमानी मात्र गादीवरून बर्नीकडे बघत होती, आणि मग ग्रेडीही वळला, शिडीवरचा वळला, आवाजवाला वळला. आज विचारायचं होतं ते बर्नीला, हे सगळ्यांना कळलं होतं. बर्नीने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि सगळ्यांना ताटकळत ठेवलं. एकतीस वर्षांची सवय.

"मोकळा आहे," ती म्हणाली. "करा सुरू."