भिंगरीने उतरवलेली किंमत

मुलांनो, एक कल्पना करू या. डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचाल कसं? समजा, तुम्ही घरी एक खेळणं बनवलंत. गावातला सगळ्यात मोठा दुकानदार म्हणाला, "ठेवा माझ्याकडे. विक्रीच्या दर दहा नाण्यांतली तीन माझी." ठीक. पण मग तो म्हणाला, "आणि स्वतःच्या ओट्यावर बसून विकलंत, तरी माझ्यापेक्षा स्वस्त विकायचं नाही." ओटा तुमचा, खेळणं तुमचं, मर्जी मात्र त्याची.

भिंगरीच्या आत्याचं असंच झालं होतं. बरीच वर्षं खपून तिने वाट चुकलेल्या गोगलगायीचा एक गेम बनवला होता. तो गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात मिळायचा आणि आत्याच्या छोट्या वेबसाइटवरही. वेबसाइट भिंगरी सांभाळायची. तिथे कुणाला वाटा द्यावा लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून वर्गातल्या मैत्रिणींसाठी तिने तिथली किंमत उतरवली, आत्याला न विचारता.

आज सकाळी दुकानाचा निरोप आला. संध्याकाळपर्यंत किंमत सारखी करा, नाहीतर गेम काढून टाकू.

तेव्हापासून आत्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. खिडकीशी जायची, परत यायची, खुर्चीत टेकायची, लगेच उठायची. चहा तसाच गार झाला.

"आत्या, बस ना. तुझ्याकडे बघून मलाच गरगरतंय."

"तू बोलूच नकोस. लावलेस तेवढे दिवे पुरे झाले."

"पण आपल्या वेबसाइटवर कितीला विकायचं, हे सांगणारे ते कोण?"

"गिऱ्हाइकं सगळी त्यांच्याकडे, म्हणून ते सांगणार. तिथून गेम गेला की आपला कारभार आटोपला. मग मी नोकरी शोधायची आणि तू खरीखुरी गोगलगाय पाळायची."

भिंगरीला हसू आलं नाही. "आणि त्या चौकशीवाल्या बाई?"

आत्या थबकली. मोठ्या दुकानांच्या मनमानीची चौकशी करणाऱ्या सरकारी कार्यालयातून त्या बाईंनी मागे फोन केला होता. किमतीच्या या अटीबद्दल गेम बनवणाऱ्यांनी बोलावं, नाव बाहेर जाणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. आत्याने 'बघते' म्हणून वेळ मारून नेली होती. बाकीचेही सगळे तोंडाला कुलूप लावून बसले होते.

"नाव फुटलं तर?" आत्या म्हणाली.

"आणि कुणी बोललंच नाही तर?"

"तुला नाही कळायचं, बाळा." आत्या पुन्हा खिडकीशी गेली आणि काच पुसू लागली. काच स्वच्छच होती.

भिंगरी संगणकापुढे बसली. आधी तिने किंमत वाढवून दुकानाइतकी केली. मग टेबलावरचा आत्याचा फोन उचलला, त्या बाईंचा नंबर लावला आणि पलीकडे घंटी वाजू लागल्यावर तो आत्याच्या हातात दिला.