सात पावसाळे न फुगलेला बुलबुलतरंग

मी बुलबुलतरंग बोलतोय, कळा दाबून तारांवर वाजवतात तो. सागवानी. निदान दुकानात तरी तसंच सांगितलं होतं. माझ्या आवाजाच्या भोकात डोकावणाऱ्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही, तेव्हा तुम्ही जरा लांबच बसा.

सत्तावन्न साली कल्याणच्या एका दुकानात मी आणि दुसरा एक बुलबुलतरंग शेजारी होतो. तो प्लायवूडचा, पातळ थर चिकटवून केलेला. मी म्हणे अख्ख्या सागाचा. आटगावचा कुंडलिक आला. तो रेल्वेत गँगमन. कसाऱ्याच्या घाटात रुळांखालचे लाकडी स्लीपर ठोकून कुठला आतून कुजलाय ते ओळखायचा.

दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडे पाऊस फार. अख्खं लाकूड फुगतं, उन्हाळ्यात तडकतं. थरांचं घ्या."

कुंडलिकला वाटलं, हा हलका माल गळ्यात मारतोय. "रुळाखाली कवा थरांचं लाकूड बघितलंय काय?" म्हणत त्याने मला ठोकलं, कान लावला आणि उचललं.

त्याच्या बायकोने, गिरजाने, मला गोधडीची पिशवी शिवली. गौरीच्या नाचाला मी वाजायचो. गावात कुणाला दाराचं, नांगराचं लाकूड घ्यायचं झालं की आधी कुंडलिकला ठोकायला बोलवत. त्याच्या बोटांवर गावाचा भरवसा होता, आणि मलाही माझा फार तोरा होता.

सात पावसाळे गेले. भिंतींना बुरशी आली, मी मात्र सुरात. कुंडलिक मिरवायचा. ढोलकी वाजवणाऱ्या दामूला ते खटकलं.

"अख्खं लाकूड इतकं गप बसत नाय रे. तुझं दार सागाचंच ना? बग कसं फुगून अडकतंय."

त्या दिवसापासून कुंडलिक दाराकडे बघायचा, मग माझ्याकडे. त्याची नजर मला आवडेना. खरं सांगायचं तर मलाही माझाच संशय येऊ लागला. एकदा तरी तडा जावा, असं वाटायचं.

गौरी येण्याच्या आदल्या दिवशी त्याने माझी तळाची फळी खोलली. कडेला तीन थर. वरचाच तेवढा सागाचा. तो खाली बसला.

गिरजा मागे उभी होती. "अवं, पर वाजतंय ना बेस?"

"कुणाला बोलू नको," एवढंच तो म्हणाला. चुलीची काजळी तेलात कालवून त्याने माझ्या कडा काळ्या केल्या आणि स्क्रू आवळले. नाचात दामू वाकून बघायला लागला, तेव्हा कुंडलिकचा तळवा भोकावर होता.

पुढच्या आठवड्यात शेजारचा कोंडू दाराची फळी घेऊन आला. कुंडलिकने ठोकली, कान लावला, पुन्हा ठोकली. मग हात मागे घेतला.

"दामूला विचार. मला नाय कळत."

त्यानंतर त्याने गावात एकही लाकूड ठोकलं नाही. मला खूप वाईट वाटलं. मी तडकलो असतो, तर त्याची बोटं खरी ठरली असती.

आज अडुसष्ट साल. मी खुंटीला आहे, अजून सुरात. तुम्हाला वाजवायचं तर खुशाल वाजवा. फक्त कुंडलिकसमोर मला ठोकून बघू नका.