पत्र्याखाली

छपरावर उताणी निजलेली काळी पाटी, दोन हात लांब.

बांधावर तशाच राहिलेल्या भातरोपांच्या मुठी.

शेळ्यांच्या खोपटाला पडलेलं भगदाड. तिथला पत्रा नाही.

पाटीला जोडलेल्या डबीवरचा लाल दिवा.

हिराचा घोटा, वर लुगड्याची चिंधी आवळलेली.

"पाय हलवू नका, मावशी," ज्योत्स्ना सिस्टर म्हणाली आणि तिनं पुन्हा फोन लावला. लागेना. तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला असलेल्या या आरोग्य उपकेंद्रात मोबाईलला रेंज नाही. बोलणं व्हायचं ते छपरावरच्या पाटीतून, थेट उपग्रहाशी. सापाची लस इथं नव्हती. अॅम्ब्युलन्स आली तरच हिरा वाचणार होती.

हिराचा नवरा भिकाजी उपकेंद्राचा शिपाई. पाटी बसवली तेव्हा त्यानं इंजिनिअरला विचारलं होतं, "छत्री कुटंय हिची? फिरत कशी न्हाई?"

"होलोग्राफिक अँटेना आहे, काका. आत हजारो बारीक ठिपके आहेत. त्यांची नक्षी बदलली की लहर उपग्रहाकडे वळते. पाटी जागची हलत नाही."

"म्हंजी मान न वळवता बघती. आमच्या हिरावानी."

"तुमच्याकडं बघाया मान कशाला वळवायची?" दारातून हिरा म्हणाली होती.

"पावसानं बिघडली वाटतं पाटी," ज्योत्स्ना आता पुटपुटली.

"न्हाई, सिस्टर." भिकाजी म्हणाला. "थेंब लागायचा न्हाई तिला. मावळातला पाऊस हाय ह्यो. कालच वरून पत्रा घातलाय, तारेनं आवळून."

ज्योत्स्नाच्या हातातला फोन खाली आला.

"लोखंडी?"

"मग काय कागदाचा?"

"भाऊ, पत्र्यातून लहर जात नाही."

भिकाजी शिडीकडं पळाला.

ओल्या शिडीवरून पाय दोनदा निसटला. तार सुटेना, दातांनी ओढली. पत्रा अंगणात आदळला. थोड्या वेळानं आतला दिवा हिरवा झाला, फोन लागला.

"निघालोच," पलीकडचा माणूस म्हणाला.

भिकाजी आत आला तेव्हा हिराच्या पापण्या मिटत आल्या होत्या. तिनं मान न वळवताच त्याच्याकडं बघितलं. गाडी दारात आली तेव्हा ज्योत्स्ना हिराची छाती दाबायची थांबून हात काढून घेत होती.

पाऊस अजून चालू आहे. पाटी उघडी भिजते. अंगणातला पत्रा भिकाजीनं उचललेला नाही. खोपटात शेळ्या एका कोपऱ्यात दाटीनं उभ्या असतात.

पत्रा वर चढवताना शिडी हिरानं धरली होती.