रविवारी गाडी कोण नेतं?

जयरामाला गाडी विकायची होती आणि विकायची नव्हतीही. दोन्ही खरं. क्लच दाबला की डावा गुडघा अशी कळ मारायचा की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डिचोलीच्या डॉक्टरने सरळ सांगून टाकलं, आता टिपर ट्रक चालवणं पुरे. मुलगा साईश तुयेच्या कारखान्यात चिकटलेला, त्याला गाडीची गोडी कधी लागलीच नाही. पगारी ड्रायव्हर ठेवून बघितले, तर एकाने गाडी गटारात घातली आणि दुसऱ्याने गाडी सोडून बाकी सगळ्या गावावर लक्ष ठेवलं. शेवटी वैतागून जयरामाने वाळपईच्या गुरुदासाला शब्द दिला की महिनाअखेरीला ये आणि घेऊन जा. त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की तो गाडीभोवती एक चक्कर मारायचा, टायरांवरून हात फिरवायचा, आणि बायकोने, म्हणजे पद्मावतीने, बघितलंच तर हवा तपासतोय असं दाखवायचा. पद्मावती काय खुळी आहे? तिला सगळं दिसत होतं.

एवढ्या दुःखावर एकच औषध होतं, ते म्हणजे रविवार. रविवारी सकाळी लाटंबार्शाच्या तिठ्यावर धाकू घाड्याच्या चहाच्या गाड्यावर टिपरवाल्यांच्या गप्पा-गजाली बसायच्या. भाजीपाव, चहा आणि वाद. वादाला विषय लागत नाही, माणसं लागतात, आणि कृष्णनाथ आणि बाबाजी ही दोन माणसं त्यासाठीच जन्माला आली होती.

"लेलँड म्हणजे लेलँड," कृष्णनाथ म्हणाला. "माल भरूचो आणि इसरान जावचा."

"इसरान जातस म्हणानच ती चढावार रवता," बाबाजी म्हणाला. त्याची टाटा होती.

"तुझी टाटा चढता, पण गावभर सांगत चढता. धूर बघून लोक अग्निशामकाक फोन करतत."

तिथून गाडी रेतीवर आली. बाबाजीला मशीनची रेती डोळ्यांसमोर नको. "नदीची रेती ती नदीची रेती. ह्या मशीनच्या रेतीक काय चवच नाय."

"मेल्या, तू घर बांधतस काय माशाचा हुमण करतस?" कृष्णनाथाने विचारलं आणि धाकूच्या हातातली किटली हसण्याने हलली.

मग वीकेंड. हळर्णेत एका दिल्लीवाल्याने बंगला बांधायला घेतला होता आणि जांभ्याचे चिरे बाबाजीच पुरवत होता. "तो म्हणता, शनिवार-रविवार गाडी आणू नको, आवाज होता, आमचो वीकेंड असता. मी म्हटलंय, बरा. मग सोमवार ते शुक्रवार तुम्ही थंय रवतात? म्हणता, नाय, दिल्लीक. म्हणजे गाडी येता तेव्हा तो नाय, आणि तो येता तेव्हा गाडी नाय. मग आवाज जाता कोणाच्या कानात?"

"शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या," जयराम म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो मनापासून हसला.

हसू ओठांवर असतानाच बाबाजीने सहज विचारलं, "पण काय रे जयरामा, गेल्या रविवारी मी त्या दिल्लीवाल्याक भेटूक गेल्लंय, तेव्हा तुझी गाडी हळर्णेच्या किल्ल्याच्या वाटेर कित्याक होती?"

"माझी? माझी गाडी घराकडे होती. मी हंय होतंय."

"फाळक्यार पोपट काढलेलो होतो बाबा."

आता सबंध डिचोली तालुक्यात मागच्या फाळक्यावर पोपट काढलेली टिपर एकच. पेंटरने त्याला चोच कावळ्याची काढली होती, त्यामुळे तो पोपट एकदा बघितला की माणूस विसरत नसे. जयराम उठायला लागला, तर कृष्णनाथाने त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. "बस रे! बाबाजीक चष्मो लागलो असा. धाकू, अजून एक चाय दी ह्याका." आणि लगेच चिऱ्यांचा विषय काढला, हाताने काढलेला चिरा बरा की मशीनचा. त्या विषयावर जयराम गप्प बसणं शक्यच नव्हतं. तो बसला.

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. घरी येऊन त्याने पद्मावतीला विचारलं. ती मासे साफ करत होती. "गाडी खंय जातली?" ती मान वर न करता म्हणाली. "पोपट उडान गेलो असतलो." सून दिपाली नारळ खवत होती, ती आणखी जोरात खवायला लागली. सोमवारी सकाळी जयराम गाडीत चढला आणि बाजूच्या आरशात बघितलं, तर रस्ता दिसायच्या जागी मागचं चाक दिसलं. सीट पुढे सरकवलेली. म्हणजे त्याच्याहून बुटकं कोणीतरी इथे बसलं होतं. गाडी पुसलेलीही होती. चोर गाडी पुसतो का? आजवर कोणत्या चोराने हे केलंय?

पुढच्या रविवारी जयरामाने शक्कल लढवली. गाड्यावर जायच्या आधी पुढच्या चाकासमोर, दिसेल न दिसेल अशी, एक काजूची बी ठेवली. परत आला तेव्हा बीचा पापड झाला होता. साईशला विचारावं तर तो रविवारी दुपारपर्यंत घोरत पडलेला असतो, त्याला स्वतःचीच खबर नाही. किल्ली जागच्या जागी, खिळ्याला. डिझेलचा काटाही जिथल्या तिथे. म्हणजे जो कोण नेत होता तो डिझेलही भरून ठेवत होता! जयरामाला राग यायला हवा होता. आलाही. पण रागाच्या वर कुतूहल चढून बसलं होतं, आणि ते काही केल्या उतरेना. जेवताना, पाय चेपून घेताना, देवाला दिवा लावताना, त्याला एकच प्रश्न: कोण रे बाबा?

"देवचार," धाकूने त्यापुढच्या रविवारी निकाल दिला. गावची राखण करणारा देवचार रात्री हद्दीवरून फिरतो, हे सगळ्यांनाच ठाऊक. "पूर्वी तो चलान फिरायचो. आता तेचेय गुडघे दुखत असतले."

"देवचार दिवसाढवळ्या फिरता?" बाबाजी म्हणाला. "आणि तेका हेवी लायसन कोणी दिला?"

सगळे हसले. कृष्णनाथ मात्र जरा जास्तच मोठ्याने हसला आणि हसता हसता त्याने मोबाईलवर घड्याळ बघितलं. जयरामाने ते बघितलं. तो उठला.

"खंय चललंस? बस, चाय सांगितलंय."

"बांगडे हाडूक जातंय."

"बांगडे खंय पळतत काय? बस मरे! टाटाच्या नव्या गाडीचा सांगूचा होता तुका..."

"कृष्णनाथा," जयराम म्हणाला, "टाटाची गजाल तू सांगतलंस? तू?" बस्स, तिथेच त्याला कळलं की पाणी कुठेतरी मुरतंय. त्याने बाबाजीची स्कूटर मागितली आणि बाजाराकडे न वळता ती हळर्णेच्या रस्त्याला घातली.

किल्ल्याच्या खाली एक मोकळं माळरान आहे. तिथे त्याची गाडी होती. मागे मागे येत होती, दोन काजूंच्या झाडांच्या मधून, जिथून बैलगाडी नेतानाही माणूस दोनदा विचार करील. आणि फाळक्याच्या मागे, पदर खोचून, हात हलवत कोण उभी? पद्मावती! त्याची लग्नाची बायको, जी बाजारात रस्ता ओलांडताना त्याचा शर्ट धरायची, ती फाळक्यावर थाप मारून ओरडत होती, "येंव दी... येंव दी... उजव्याक मार... येंव दी... बस्स!"

गाडी थांबली. धक्का नाही, आचका नाही. दरवाजा उघडून सून खाली उतरली. दिपाली.

जयराम स्कूटरवर तसाच बसून राहिला. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण डोळे अजून त्या दोन झाडांकडे होते. दोन्ही बाजूंना वीतभरसुद्धा जागा नव्हती. हे त्याला जमलं असतं का? तरुणपणी जमलं असतं. नक्की? बहुतेक.

"इलात?" पद्मावती म्हणाली. पकडलेल्या चोरासारखं तोंड तिचं नव्हतं, त्याचंच झालं होतं. "कृष्णनाथाक सांगितलेला तुमका धरून ठेव म्हणान. एक काम धड जमाचा नाय तेका."

मग सगळं बाहेर आलं. दिपालीचं माहेर दोडामार्गापलीकडचं, बापाची चिऱ्याची खाण. लग्नाआधी ती बापाची टिपर चालवायची, लायसन पक्कं, साईशला सगळं माहीत. ह्या गाडीवर हात बसावा म्हणून सासू दर रविवारी तिला घेऊन यायची.

"माका आधी कित्याक नाय सांगितला?"

"तुमका सांगितला असता तर तुम्ही नाय म्हटला असता," पद्मावती म्हणाली. "आणि एकदा नाय म्हटलात की बरोबर असा का चूक असा ता बघूचा नाय, तोच नाय धरून बसूचा. पस्तावलात तरी."

खरं होतं, आणि म्हणूनच जयरामाला ते झोंबलं. "शब्द दिलोय मी गुरुदासाक," तो म्हणाला. "गाडी दिली ती दिली." आणि स्कूटर वळवून निघून गेला.

त्यानंतरचे काही दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. फक्त एकदा, जेवताना, त्याच्याने राहवलं नाही. भात कालवत, ताटाकडेच बघत त्याने विचारलं, "ती दोन झाडां... तू आरशात बघून घेतलंस, का मांयच्या हाताकडे बघून?"

"आरशात, बाबा," दिपाली म्हणाली. "मांय उजव्याक म्हणायची तेव्हा तिचो हात डाव्याक जायचो."

जयरामाला हसू आलं. त्याने ते भातात दाबलं.

महिनाअखेरीला गुरुदास आला. गाडी धुऊन, हार घालून अंगणात उभी होती. नारळ ठेवल्याशिवाय गाडी दारातून काढायला जयरामाचं मन होईना, म्हणून धाकूला बोलावलं होतं. घाडी म्हणजे गावातर्फे देवाशी बोलणारा माणूस. तो गाऱ्हाणं घालतो, एकेक मागणं मागत जातो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ह्या बाजूचा माणूस बोलायला शिकतो तेव्हाच हे शिकतो, मग पुढे त्याला विचार करावा लागत नाही. धाकूने आजवर टिपर, रिक्षा, पॉवर टिलर, एकदा तर जेसीबीसुद्धा, सगळ्यांची गाऱ्हाणी घातली होती. पण ती सगळी घरात येणाऱ्या गाड्यांची. जाणाऱ्या गाडीचं गाऱ्हाणं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

धाकूने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि सूर लावला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज तुझ्या लेकरान, ह्या जयरामान, ही गाडी तुझ्या पायाकडे उभी केली असा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या चाकाक काटो लागाक देव नको, चालवतल्याच्या केसाक धक्को लागाक देव नको..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या दारात इली ती ह्याच दारात रवांदी! ह्या घरातल्या पोराबाळांक, लेकीसुनांक लाभांदी! ह्या घराचो चुलो तिच्या जिवार पेटांदी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

आवाज अंगणात घुमला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज जयरामाचा होता. त्याच्या खालोखाल गुरुदासाचा.

मग एकदम सगळे एकमेकांकडे बघायला लागले. धाकूने डोळे उघडले आणि त्याच्याही ध्यानात आलं. त्याने नारळाकडे बघितलं, नारळावरून गुरुदासाकडे.

गुरुदासाने कपाळावर हात मारला. "मी पण व्हय म्हटलंय मरे! देवाच्या पुढ्यात!" त्याने गाडीला लांबूनच नमस्कार केला. "नाय बाबा. ही गाडी आता मी नेवचंय नाय. नेली तर वाटेतच माका खंयतरी उलटी करीत."

"धाकू!" जयराम ओरडला. "मेल्या, शिरा पडली तुझ्या तोंडार! काय म्हटलंस तू? चुकलंस ना?"

"चुकलंय," धाकू म्हणाला. "व्हय, चुकलंय. माका एकच गाऱ्हाणा येता. पण जयरामा, मी चुकलंय तर चुकलंय, तू सगळ्यांत मोठ्यान व्हय म्हटलंस, ता कित्याक?"

जयरामाने तोंड उघडलं. गाडी जाणार म्हणून इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं आणि एवढ्या माणसांसमोर, कृष्णनाथासमोरसुद्धा, तो घळाघळा रडला. कुणी हसलं नाही. पद्मावतीने पदर पुढे केला, तो त्याने घेतला नाही, बाहीलाच डोळे पुसले. मग खिशातून किल्ली काढली, दिपालीच्या हातात ठेवली, आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूच्या दरवाजाशी गेला. त्या बाजूने तो आजवर कधी चढला नव्हता. पाय कुठे ठेवायचा ते त्याला एकदम सापडेना.

वर चढून बसल्यावर त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अरे धाकू, बघतंस काय? फोड नारळ. आमका चिरे भरूक जावचा असा."