एका कोटाचा ब्रश

मित्रांनो, दाराआडच्या खिळ्याला टांगलेला, केस झडलेला जुना ब्रश मी. फार बोलायची ताकद उरलेली नाही, पण एवढं ऐकून घ्या.

एका सुताराने माझी मूठ तासली, त्याच्या बहिणीने ताठ, दाट केस बसवले. मी या घरी आलो तेव्हा नवराबायकोचा संसार नवा होता. नवरा कारखान्यात गरम नळांना उष्णता टिकवायला ॲस्बेस्टॉस गुंडाळायचा आणि संध्याकाळी त्याच्या धुळीने पांढराफटक होऊन यायचा. कामाचा कोट एकच. रोज धुतला तर सकाळपर्यंत वाळायचा नाही, म्हणून बाई तो दारातच कोरडा झटकायची. मी सपासप चालायचो. धूळ तिच्या नाकातोंडात जायची.

"अगं, जरा लांब धर," तो म्हणायचा.

"तुम्ही आधी हातपाय धुवा बघू!"

सकाळी मुकादम कोट पाहून म्हणायचा, "बायको असावी तर अशी!" हे नवऱ्याने घरी सांगितलं की ती लाजायची आणि मी मनातल्या मनात मिशीला पीळ द्यायचो.

पुढे कारखाना बंद पडला, कोट विरला, कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. बऱ्याच वर्षांनी बाईला खोकला लागला. दोन पायऱ्या चढून ती थांबू लागली.

परवा दोघं दवाखान्यातून आली. ती धापा टाकत म्हणाली, "डॉक्टरबाईंचं काहीतरीच! म्हणे, फुप्फुसात ॲस्बेस्टॉसची धूळ बसलीय, कारखान्यात किती वर्षं होतात? मी कधी तिथं पाऊल तरी टाकलंय का?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "कोट कोण झटकायचं?"

तो उंबऱ्यावर बसून डोळे पुसू लागला.

"साहेब लोक आपले कोट तिथंच काढून घरी जायचे गं. मला वाटायचं, केवढा त्यांचा थाट!"

"रडू नका. आपल्याला कुणी सांगितलं होतं का?" ती म्हणाली आणि पुन्हा खोकू लागली.

आज तो मला, धूळ उडू नये म्हणून, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधणार आहे. तसं डॉक्टरबाईंनी बजावलंय. बाई मात्र अजून म्हणते, "अहो, मूठ चांगली आहे की!"

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला जपू नका. कामावरून आलेल्या माणसाच्या अंगावर कसली धूळ आहे, ते आधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. बाई आता उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपते, आडवं झालं की श्वास पुरत नाही. माझ्या हातून कामात कधी कसूर झाली नाही. तेच मला सहन होत नाही.