काकूंनी मला स्वच्छ धुतले तेव्हा

मी एक जुना स्पंज आहे. माशांच्या टाकीत, कोपऱ्यातल्या फिल्टरच्या पोटात मी राहतो. मित्रांनो, टाकीसमोर उभे राहून तुम्ही मासे पाहता, हिरवी रोपे पाहता. माझ्याकडे कोणी पाहत नाही आणि पाहिलेच तर नाक मुरडतो. असू दे. माझे बरे चालले आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मीही पांढराशुभ्र होतो. काकांनी टाकी मांडली, वाळू पसरली, पाणी भरले आणि फिल्टर सुरू केला. पण दुकानदार लगेच मासे देईना. काही आठवडे नुसते पाणी फिरू द्या आणि रोज चिमूटभर खाद्य टाका, असे त्याने बजावले. काकूंना हसू आवरेना.

"पाहुण्यांचा पत्ता नाही आणि ताट वाढून तयार," त्या म्हणत.

पाहुणे आले होते, ते माझ्याकडे. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव माझ्या छिद्राछिद्रांत राहायला आले. कुजणाऱ्या खाद्याने आणि माशांच्या घाणीने पाण्यात विष तयार होते आणि हे जीव ते पचवतात. त्यांच्यामुळे मी तपकिरी, बुळबुळीत झालो. रूप गेले, पण कामाचा झालो.

मग सोनेरी मासे आले. त्यांतल्या सर्वांत जाड्याला काकूंनी 'शेठ' म्हणायला सुरुवात केली. भाजी निवडायला त्या टाकीजवळच बसत आणि घरातल्या साऱ्या तक्रारी शेठच्या कानावर घालत. काका मला अधूनमधून टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून परत ठेवत. आमचे सगळ्यांचे छान जमले होते.

एकदा काका बाहेरगावी गेले. ते येईपर्यंत टाकी आरशासारखी करायची, असे काकूंनी मनावर घेतले. त्यांनी सगळे पाणी बदलले, वाळू गरम पाण्याने धुतली आणि मला नळाखाली धरून खसाखसा चोळले. माझे सारे भाडेकरू मोरीतून वाहून गेले. ओरडायला स्पंजाला तोंड कुठे असते?

दोन दिवसांनी पाणी दुधाळ झाले. शेठ वर येऊन धापा टाकू लागला. काकूंचा जीव टांगणीला लागला. त्यांनी दुकानदाराला फोन केला.

"सगळंच धुतलंत? मग विष पचवायला कोण उरलं?" तो म्हणाला. "खाणं बंद करा, रोज थोडं पाणी काढून तेवढंच साठवलेलं पाणी घाला. आणि कुणाच्या तरी टाकीतला मळका स्पंज आणून तुमच्या स्पंजावर पिळा. जितका मळका तितका बरा."

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बसचालकांकडे टाकी होती. तिच्या शेवाळलेल्या काचांना काकूंनी आजवर मनसोक्त नावे ठेवली होती. आता घरातले सर्वांत चकचकीत पातेले घेऊन त्या त्यांच्याच दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, थोडी घाण मिळेल का?"

"हवी तेवढी न्या, वहिनी," त्यांनी मिशीतल्या मिशीत हसत म्हटले.

त्यांचा स्पंज काकूंनी स्वतःच्या हातांनी माझ्यावर पिळला. ते काळे पाणी अंगात मुरताना मला किती बरे वाटले, काय सांगू. हळूहळू शेठ खाली उतरून वाळू हुंगू लागला आणि काकूंचा जीव भांड्यात पडला.

काका परतले. फिल्टर उघडून म्हणाले, "स्पंज फार मळलाय गं. नवा आणू का?"

"हात लावू नका," काकू म्हणाल्या. "भरलं घर आहे ते."

मित्रांनो, स्वच्छतेशी माझे वैर नाही. मला जरूर धुवा, पण टाकीतल्याच पाण्यात आणि हलक्या हाताने. घासायला घेण्याआधी एवढेच पाहा, की तिथे कोणी राहत तर नाही ना.