गच्चीवरचा थंडा

जिन्यावरून आदिनाथ खाली उतरला तो गुणगुणतच, आणि वंदनाच्या कपाळावर आठी पडली ती तिथंच. एवढा संसार झाला, पण नवरा गुणगुणताना तिनं दोनदाच ऐकला होता. एकदा मिरचीला कधी नव्हे तो भाव मिळाला तेव्हा, आणि एकदा चुलतदिराच्या वरातीत. मिरचीच्या वेळी तो शुद्धीत होता. वरातीच्या वेळी नव्हता.

रविवारचं जेवण होतं. वंदनाची धाकटी बहीण सुरेखा नवीन जालन्यात राहायची, स्टेशनच्या अलीकडच्या एका गल्लीत, भाड्याच्या वरच्या माडीवर. तिचा नवरा पप्पू बियाण्यांच्या कंपनीत होता आणि त्याची बढती झाली होती. म्हणून मटणाचा बेत. धावड्याहून वंदना, आदिनाथ आणि सासूबाई पुष्पाबाई सकाळीच स्वतःच्या गाडीनं निघून आले होते. बायका खाली स्वयंपाकघरात आणि पुरुष वर गच्चीवर. गच्चीवर काय चाललंय हे कोणी सांगितलं नव्हतं, पण बर्फाचं भांडं वर गेलेलं वंदनानं पाहिलं होतं. भाकरी थापता थापता तिचा एक कान जिन्याकडेच होता.

आदिनाथ काही पिणाऱ्यांतला नव्हता. सणावाराला, लग्नाकार्याला, एवढंच. पण मागच्या साली त्याचा जिवाभावाचा दोस्त काकासाहेब राजूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल घालून मेला. "एकच तर घेतली, काय होतंय," असं म्हणून निघालेला माणूस. मसणवाट्यातून घरी आल्यावर आदिनाथ न्हाणीच्या दगडावर बसून म्हणाला होता, गाडी हातात असली की आता थेंब न्हाई. आणि वंदनाला ठाऊक होतं तिथवर तो शब्द त्यानं पाळला होता. ठाऊक नव्हतं तिथलं काय सांगावं?

"जेवण झकास झालं," आदिनाथ म्हणाला. "चला, निघायचं ना? म्हशीची धार व्हायची हाय."

त्याच्या तोंडात बडीशेप होती. मूठभर. बडीशेप त्याला आवडत नसे, दातात अडकते म्हणून.

वंदना पदराला हात पुसत जवळ गेली. "वर काय घेतलं?"

"मटण घेतलं. चार वाट्या रस्सा घेतला."

"ते न्हाई विचारून राह्यले."

आदिनाथचं तोंड उतरलं. "थंडा पिलो मी. काळा थंडा. बाटलीला हात बी न्हाई लावला, पप्पूला विचार."

पप्पू मागून उतरतच होता. "बिलकुल न्हाई, ताई," तो म्हणाला. "भाऊनी साफ सांगितलं, गाडी चालवायचीय. साहेबांनी एवढा आग्रह केला तरी न्हाई."

साहेब म्हणजे जगन्नाथ, पप्पूचे वरिष्ठ. बढतीच्या कागदावर त्यांचीच सही होती, म्हणून आज गच्चीवर खुर्ची त्यांना आणि चटई बाकीच्यांना. खाली त्यांची पांढरी गाडी आणि गाडीत पेंगणारा ड्रायव्हर होता.

पप्पू बोलला ते बराबर बोलला, पण बोलताना तो वंदनाकडं नाही, तिच्यामागच्या फ्रीजकडं पाहत होता. ते तिच्या मनात कुसळासारखं रुतलं. खरं बोलणाऱ्या माणसाला फ्रीजकडं पाहायचं काय कारण?

"वास येतोय," ती हळू आवाजात नवऱ्याला म्हणाली.

"सगळ्या गच्चीलाच वास हाय. मी तिथंच बसल्तो ना? कपड्याला लागला असंल."

"आगं, माझं लेकरू खोटं न्हाई बोलत," पुष्पाबाई चप्पल शोधता शोधता म्हणाल्या. "माणसाच्या मागं इतकं लागू न्हाई, सूनबाई. लोकात शोभत न्हाई."

सुरेखानंही बहिणीचा हात दाबला. म्हणजे गप्प बस. वंदना गप्प बसली. चार माणसांत नवऱ्याला खोटं पाडायचं म्हणजे स्वतःचंच हसं. शिवाय तो ठासून सांगत होता, आणि त्याच्या डोळ्यात खोटेपणा नव्हता, हे तिलाही दिसत होतं. नाकाला एक कळत होतं, डोळ्याला दुसरं. ती गाडीत बसली.

गल्लीतून गाडी मोठ्या रस्त्याला लागताना आदिनाथनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलंच नाही. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला आणि एक ऑटो अगदी बंपरला टेकून थांबली. ऑटोवाला तोंड सोडून बोलला. मागं पुष्पाबाई "आगं माय" करत पुढच्या सीटवर आदळल्या.

आणि आदिनाथ हसला.

वंदनाला हबकवलं ते त्या हसण्यानं. हा माणूस एरवी ट्रॅक्टर बांधावरून वळवतानासुद्धा खाली उतरून दोन्ही बाजूंनी पाहणारा. असं काही झालं असतं तर तो खाली उतरून ऑटोवाल्याची माफी मागून आला असता. आणि आज तो हसत होता.

"गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली.

"काय झालं? लागलं का कुठं?"

"बाजूला घ्या म्हणते ना."

एका बियाण्याच्या दुकानापुढं, रविवारचं शटर खाली होतं तिथं, त्यानं गाडी लावली. वंदनानं हात घालून किल्ली काढली आणि मुठीत धरली.

आता आदिनाथ चिडला. "काय करून राह्यलीस? माझ्या आईसमोर? म्हशी तिकडं वरडत असतील. मी देवाची आण घेतो, आईच्या डोक्यावर हात ठेवतो, आजून काय पायजे तुला? मी दारूला शिवलो न्हाई."

"मंग हसले कामून?"

"हसलो? कधी?"

त्याला आठवतच नव्हतं. वंदनानं त्याच्याकडं नीट वळून पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कार्तिक सरत आला होता, काचा उघड्या होत्या, वारं गार होतं, आणि त्याच्या नाकावर घाम.

"थंडा कोणी दिला तुमाला?" तिनं विचारलं. आवाज आता भांडणाचा नव्हता.

"कोणी म्हणजे? साहेबांनी. पप्पू बर्फ घालू लागला तर ते म्हणले, आण इकडं, पाव्हण्याला मी देतो."

"कसा लागला?"

आदिनाथ बोलता बोलता थांबला. "कडसर लागला जरा. म्हणलं शिळा असंल." मग त्यानं दोन्ही तळवे तोंडावर फिरवले, हातात श्वास सोडून स्वतःच हुंगला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

मागून पुष्पाबाई म्हणाल्या, "काय झालं रे? कोणी काय घातलं?" वंदनानं दार उघडून त्यांना हात दिला.

गाडी तिथंच ठेवून तिघं चालत गल्लीत परतले. पुष्पाबाई खालीच ओट्यावर टेकल्या. वंदना पुढं, आदिनाथ मागं. गच्चीवर जगन्नाथसाहेब हाडूक चोखत बसले होते. पप्पू समोर उभा होता. ह्या दोघांना पाहिल्याबरोबर त्याच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं लवंडलं, आणि वंदनाला जे विचारायचं होतं त्यातलं अर्धं तिथंच कळलं.

"साहेब, ह्यांच्या थंड्यात काय टाकलं?" तिनं विचारलं.

साहेब मोठ्यानं हसले. "अहो वहिनी, गंमत केली. पाहुणे कोरडेच बसले होते, मला बरं वाटेना. जरा रम टाकली. औषधापुरती. कळलंसुद्धा नाही त्यांना."

"आमी गाडीनं जाणार हे ठाव होतं तुमाला?"

"मी रोज ह्याच्यापेक्षा जास्त घेऊन घरी जातो."

"तुमाला ड्रायव्हर हाय, साहेब."

साहेबांचं हसू ओठावरच राहिलं. ते पप्पूकडं पाहायला लागले, म्हणजे हे प्रकरण आता तू आवर. पप्पूनं मान खाली घातली. तोवर सुरेखा वर आली होती. तिनं कोणाला काही न विचारता नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"तुमाला ठाव होतं," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला तुमी तोंडावर न्हाई म्हणलं."

"साहेबांना कसं आडवू?" पप्पू पुटपुटला. "म्हणलं थोडीशीच हाय. काय होतंय?"

आदिनाथ इतका वेळ कठड्याला धरून उभा होता. तो एकच बोलला. "पप्पू, गाडीत माझी माय होती."

साहेबांनी घसा खाकरला, माझा ड्रायव्हर तुम्हाला थेट धावड्याला सोडून येईल म्हणाले. चांगली गाडी, एसी, दोन तासांत घरी. वंदनाला म्हशी आठवल्या, सासूचे गुडघे आठवले. तरी ती नको म्हणाली. ह्या माणसाच्या हातून आज आणखी काहीच घ्यायचं नाही, एवढंच तिला सुचत होतं. सुरेखा रडवेली होऊन राहा म्हणत होती. वंदनानं तिच्या गालावर हात ठेवला आणि जिना उतरली. शेजारणीला फोन करून म्हशीची धार काढायला सांगितली. गाडी राहिली दुकानापुढं, आणि तिघं भोकरदनच्या एस.टी.त बसले.

पुष्पाबाईंना खिडकी मिळाली. राजूर यायच्या आतच त्यांचा डोळा लागला. मागच्या बाकड्यावर नवराबायको. कापूस वेचून झालेली रानं खिडकीतून मागं पळत होती आणि आदिनाथ त्यांच्याकडं डोळे लावून बसला होता.

आता खरं तर वंदनाचं मन हलकं व्हायला पाहिजे होतं. नवरा खोटं बोलला नव्हता. ती चुकली नव्हती. दोघंही खरे ठरले होते, असं रोज कुठं होतं? पण आत काहीतरी टोचतच होतं. गच्चीवर पाहिलेलं तिला परत परत दिसत होतं. साहेबांच्या खुर्चीशेजारी तो काळा थंडा होता, लिटरभराची बाटली, तळाला टेकलेली. ती बाटली रिकामी करणारा वर दुसरा कोण होता?

"किती ग्लास पिले?" तिनं विचारलं.

बस राजूरच्या थांब्यावर थांबली, माणसं चढली, गणपतीच्या नारळ-प्रसादाच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली, बस निघाली.

"तीन," तो म्हणाला.

"कडसर लागला म्हणले ना."

"हां."

"मंग?"

त्यानं मान वळवली नाही. "शंका आल्ती," तो म्हणाला. "पहिल्या घोटाला न्हाई. दुसऱ्या ग्लासाला आल्ती. पण साहेब समोर उभे. आपल्या हातानं ग्लास धरून. पप्पूची नोकरी त्यांच्या हातात. ग्लास खाली ठिवून म्हणू काय, ह्यात काय घातलं? समजा नसतं घातलेलं, मंग माझी इज्जत काय राहती?" मग तो आणखी हळू बोलला. "आन् खरं सांगू का? बरं वाटत होतं. काकासाहेब गेल्यापासून असं बरं वाटलंच न्हाई. म्हणलं, आपल्याला थोडंच ठाव हाय काय हाय त्यात. विचारलं न्हाई तर ठाव होत न्हाई."

म्हणजे गाडीत त्यानं घेतलेली आण, आईच्या डोक्यावरचा हात, सगळं खरंही होतं आणि नव्हतंही. साहेबांनी फसवलं, पप्पूनं झाकलं, आणि उरलेलं ह्यानं स्वतःच स्वतःपासून लपवलं. तिला वाटलं भांडावं. भर बसमध्ये, सासू जागी झाली तरी. पण पकडला न जाता त्यानं हे सांगितलं होतं. तिच्याजवळ फक्त एका बाटलीचा अंदाज होता. तो 'एकच' म्हणाला असता तर तिला कळलंही नसतं.

"पुढच्या टायमाला," ती शेवटी म्हणाली, "शंका आली की ग्लास घेऊन खाली यायचं. माझ्याकडं. साहेब असो का साहेबाचा बाप."

"लोक हसतील."

"हसू द्या. आज तुमीच हसले, ऑटोखाली जाता जाता."

त्यानं मान हलवली. पटलं म्हणून की बोलणं संपावं म्हणून, ते तिला कळलं नाही. हा माणूस कळतो असं तिला आजवर वाटत आलं होतं. आता इथून पुढं तिला दरवेळी नीट पाहावं लागणार होतं, आणि हे तिला त्या रमपेक्षाही कडू लागलं.

भोकरदनला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. धावड्याकडं जाणारी एक काळीपिवळी जीप भरत आली होती. पुष्पाबाई गुडघा धरून चढायला लागल्या तसं आदिनाथनं त्यांना थांबवलं. "जरा दम धर, आये." तो पुढच्या बाजूला गेला, ड्रायव्हरच्या खिडकीत वाकला आणि काहीबाही विचारायला लागला, गाडी कधी सुटती, पारधला थांबती का. ड्रायव्हर वैतागून उत्तरं देत होता. आदिनाथ खिडकीतून तोंड काढायलाच तयार नव्हता.

मग तो परत आला.

"बराबर हाय," तो वंदनाला म्हणाला. "बसा."

वंदनानं सासूला चढवलं, मग आपणही पुढं झाली. चढण्याआधी, कोणाला दिसणार नाही असं, तीही ड्रायव्हरच्या खिडकीशी क्षणभर थांबली आणि नाकानं श्वास ओढून घेतला.